गीतरामायण : कानांनी पाहिलेले नाट्य

इंग्लंडातील ‘द हू’ या चौघा गायक-वादकांच्या संचाने १९६९ च्या मे महिन्यात ‘टॉमी’ नावाची एक जोडतबकडी काढली. पाहणे, ऐकणे, बोलणे या तिन्ही शक्तींना पारख्या झालेल्या एका मुलाची कथा तीत चोवीस तुकड्यांतून गाऊन सांगितली आहे. पुढच्याच वर्षी अँड्रू लॉइड वेबर आणि टिम राइस या दोघा तरुणांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवर ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा असाच संच काढला. त्यांचे नाटक रंगभूमीवर आणायला कोणी निर्माता पुढे येईना, म्हणून त्यांनी ते आधी तबकडीवर गाऊन घेतले. तबकडी गाजली आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीने तेच नाटक पायघड्या घालून बोलावले. या प्रकाराला ‘रॉक ऑपेरा’ असे नाव मिळाले. नेपथ्य नाही, पडदा नाही, नटही डोळ्यांसमोर नाही. एक सलग कथा, तिच्यातील पात्रे आणि त्यांची गाणी एवढ्यावरच सारे नाट्य श्रोत्याच्या कानात उभे राहते. पाश्चात्य टीकाकारांना हा नवा शोध वाटला, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मराठी येत असणार!

कारण याच्या चौदा वर्षे आधी, पुण्यात, याहून पुष्कळ मोठे आणि याहून पुष्कळ अधिक माणसांच्या कानी पडलेले असे एक नाट्य घडून गेले होते. छप्पन्न गीते, वर्षभराहून थोडा अधिक काळ, आणि रंगभूमी म्हणाल तर केवळ रेडिओचा डबा. गीतरामायणाकडे आपण भक्तीने पाहतो. रामनवमीला रहाटणीच्या चौकाचौकांतल्या मांडवांतून ते ऐकतो आणि हात जोडतो. त्यात गैर काही नाही. परंतु हात जोडलेल्या माणसाला समोरची वस्तू कशी घडवली आहे हे सहसा दिसत नाही. आज ते थोडे पाहावे, असा आमचा विचार आहे.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्या वेळी केंद्र सरकारात नभोवाणीचे खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. केसकर शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. सिनेमातील गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे ठाम मत होते, आणि १९५२ नंतर आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम व्हायचा तोच झाला. ऐकणाऱ्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. बाहेर घालवलेल्या गाण्याच्या जागी घरचे, निर्मळ, तरीही लोकांना ओढून घेणारे असे काही देणे आकाशवाणीला भागच होते. सुगम संगीताचे विभाग त्यातूनच उभे राहिले. पुणे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांनी १९५५ च्या आरंभी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांच्याकडे जी मागणी केली तिच्यामागे ही सारी पार्श्वभूमी होती. मनोरंजनही व्हावे आणि संस्कारही व्हावा, असा वर्षभर चालणारा संगीत कार्यक्रम लाडांना हवा होता.

मौज पाहा. सिनेमाचे गाणे ज्या दारातून बाहेर काढले त्याच दारातून सिनेमाचे दोन अस्सल कारागीर मानाने आत आले. माडगूळकर आणि सुधीर फडके ही जोडी ‘वंदे मातरम्’ (१९४८), ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) अशा बोलपटांत घडलेली होती. प्रसंग सांगितला की त्या प्रसंगाचे, त्या पात्राच्या तोंडी शोभेल असे, ठरल्या वेळेत पुरे होणारे गाणे लिहायचे आणि त्याला तितक्याच तातडीने चाल लावायची, ही शिस्त त्यांना चित्रपटाने लावली. ती नसती तर गीतरामायण झाले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकांतात बसून स्फूर्तीची वाट पाहणाऱ्या कवीचे हे काम नव्हते.

पण केवळ चित्रपटाची शिस्त म्हणूनही भागणार नाही. माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, आटपाडीजवळच्या शेटफळ्याचा. बालपण आणि शिक्षण औंध संस्थानच्या मुलखात गेले. मुलूख दुष्काळी, पाऊस बेभरवशाचा. आज आपल्या या औद्योगिक पट्ट्यात त्या भागातून येऊन स्थिरावलेली पुष्कळ घरे आहेत, त्यांना त्या मातीचे वर्णन सांगायला नको. परंतु त्या कोरड्या मुलखावर राज्य करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करीत, चित्रे काढीत, आणि त्यांनी रामायणातील प्रसंगांची चित्रे रंगवून १९१६ मध्ये ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले होते. राजाच कीर्तनाला उभा राहतो असे संस्थान, आणि गावोगाव भजन, पोथी, ओवी, तमाशा! या वातावरणात वाढलेल्या मुलाच्या कानात मराठीची सारी वृत्ते आणि साऱ्या लकबी आयत्याच साठलेल्या असणार. वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून त्यांनी केलेली उमेदवारीही येथे लक्षात घेतली पाहिजे.

फडक्यांचाही जन्म १९१९ चाच, कोल्हापूरचा. आईबापांनी ठेवलेले त्यांचे नाव राम. याला कोणी योगायोग म्हणेल, कोणी आणखी काही. आम्हाला त्यांच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९५४ साली दादरा-नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून सोडवण्यासाठी जी मंडळी प्रत्यक्ष गेली त्यांत हा गायक होता. त्या लढ्याला पैसा मिळावा म्हणून लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम करण्यातही त्यांचा पुढाकार होता. म्हणजे रामाच्या तोंडचे शब्द ज्याने गायचे तो माणूस नुसता गोड गळ्याचा नव्हता.

पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊ ते नऊ या पाव तासात प्रसारित झाले. त्या गीताची एक कथा सांगतात. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद ऐन वेळी फडक्यांकडून हरवला. माडगूळकर रागावले, पुन्हा लिहायला तयार होईनात. तेव्हा लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि गीत पुरे झाल्याशिवाय दार उघडणार नाही असे बजावले. पंधरा मिनिटांत गीत पुन्हा कागदावर उतरले! कथेला पुढे थोडी फोडणी मिळाली असेलही. पण तिच्यात एक सत्य आहे, ते असे की या काव्याला जन्म देताना कवी आणि संगीतकार यांच्याइतकाच घड्याळाचाही हात होता. दर शुक्रवारी गीत हवे म्हणजे हवे. आधी सगळे लिहून, तपासून, मग गायला घेतले असे झाले नाही. पुष्कळदा गीत हाती पडले की चाल, चाल बसली की तालीम आणि तालीम संपली की प्रक्षेपण, असा तो रहाट वर्षभर फिरत राहिला.

आधीचा बेत ५२ गीतांचा होता. आठवड्याला एक या हिशेबाने वर्षाला तितकीच लागतात. पण त्या वर्षी अधिक महिना आला, रामनवमी लांबली आणि शेवटही रामनवमीलाच व्हावा म्हणून चार गीते वाढली. हिशेब करून पाहावा. १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत पंचावन्न शुक्रवार भरतात. त्यांवर १९ एप्रिलच्या रामनवमीचा गुरुवार धरला की छप्पन्न. पंचांगाने काव्याची लांबी ठरवावी, असे उदाहरण जगाच्या वाङ्मयात दुसरे असेल तर आम्हाला ठाऊक नाही.

त्या पाव तासाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. तोपर्यंतचे आपले भावगीत ग्रामोफोनच्या तबकडीने बांधले होते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. धृपद आणि दोन-तीन कडवी, की सुई काठाला लागली. भावगीताचा आटोपशीरपणा आपण कवींच्या रसिकतेला बहाल करतो, त्यातला बराचसा या लाखेच्या तबकडीला बहाल केला पाहिजे. गीतरामायणातील गीते आठ-आठ, दहा-दहा कडव्यांची आहेत. रेडिओच्या पाव तासात निवेदन होऊनही एवढे गीत निवांत बसे. कडवे वाढले की पात्राला आपले म्हणणे मांडायला जागा मिळते. त्याला युक्तिवाद करता येतो, रागावता येते, पुन्हा शांत होता येते. भरत अरण्यात भेटायला येतो तेव्हा राम त्याची समजूत घालतो. ते गीत तीन कडव्यांचे असते तर सुभाषित झाले असते. एकामागून एक दृष्टांत येत जातात, म्हणून तेथे थोरल्या भावाने धाकट्याच्या पाठीवर फिरवलेला हात जाणवतो.

इंग्लंडातही गोष्ट याच दिशेने घडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९४८ मध्ये दीर्घ वेळ वाजणारी तबकडी आली, तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, आणि मगच तेथील गाणाऱ्यांना तीन मिनिटांच्या पलीकडे सलग कथा सांगण्याची हाव सुटली. कलेचा इतिहास लिहिणारे प्रतिभेचा हिशेब मांडतात, पण माध्यमाचा हिशेब मांडत नाहीत. आपल्याकडे ती मोकळीक तबकडीच्या आधी नभोवाणीने दिली एवढाच फरक.

आता रचनेकडे. माडगूळकरांनी आधार वाल्मीकींचा घेतला. मराठीत रामकथेची परंपरा काय थोडी आहे? एकनाथांचे भावार्थरामायण आहे, श्रीधराचा रामविजय आहे, आणि एकशे आठ रामायणे रचणारे मोरोपंत आहेत. या सर्वांहून वेगळे म्हणजे येथे कवी स्वतः जवळजवळ बोलतच नाही. प्रत्येक गीत कोणाच्या तरी तोंडी आहे. दशरथ, कौसल्या, विश्वामित्र, अहल्या, कैकेयी, लक्ष्मण, सुमंत, गुहाचे नावाडी, शूर्पणखा, शबरी, हनुमान, कुंभकर्ण अशी पात्रे एकेक करून येतात आणि आपापली बाजू सांगून जातात. कैकेयी आली की ती कैकेयीच्या न्यायाने बोलते, शूर्पणखा आली की अपमानित बाईच्या जळफळाटाने. कोणालाही कवीने मागून चिमटा काढलेला नाही. हीच नाटककाराची दृष्टी होय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ उभे केले तेव्हापासून मराठी माणसाला पात्राने गाऊन बोलण्याची सवय आहे. तीच सवय येथे रंगमंच सोडून रेडिओत शिरली.

कथेची बांधणीही कसबी आहे. आरंभी कुश आणि लव रामापुढे उभे राहून रामायण गातात. शेवटी वाल्मीकी त्या दोघा मुलांना गायला पाठवतात. म्हणजे छप्पन्नावे गीत संपते तेथून पहिले सुरू होते. मुले बापासमोर बापाचीच कथा गात आहेत आणि बापाला ते ठाऊक नाही, ही करुण गाठ पहिल्या दिवशी बांधलेली आणि वर्षभर तशीच राखलेली. वर्षभर श्रोता जे ऐकतो ते सारे त्या दोन मुलांच्या तोंडून रामाच्या कानी पडते आहे. रामाची चूक असेल तर तीही.

चाली लावताना फडक्यांनी पहिल्या गीताला भूप घेतला, आणि शेवटच्याला भैरवी. मैफलीच्या रीतीप्रमाणे शेवट भैरवीने करण्यासाठी त्यांना एक वर्ष थांबावे लागले! मधल्या प्रवासात यमन आहे, मांड आहे, लोकगीतांचे ठेके आहेत. रामजन्माच्या गीतात समूहाचा आनंद आहे, सेतू बांधणाऱ्या वानरांच्या गीतात श्रमाचा ताल आहे. शब्द पुसट होईल अशी तान त्यांनी कोठे घेतली नाही. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनसारखी साथही या संयमाला धरूनच होती.

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय आम्ही निवडला तो सांगतो. नभोवाणीवरचे ते मूळ गीतरामायण एकट्या फडक्यांचे नव्हते. रामाची गीते ते गात, पण भोवती वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, सुरेश हळदणकर, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर असे अनेक आवाज होते. प्रत्येकाची गायकी निराळी, गळ्याची जात निराळी. पात्र बदलले की आवाज बदले आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाला पडदा सरकल्यासारखे वाटे. हा ऑपेरा होता, ती मैफल नव्हती.

पुढे ते बदलले. २८ मे १९५८ रोजी पुण्यात माडगूळकरांच्या ‘पंचवटी’ या घरी गीतरामायणाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. ते घर मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडकडे येणाऱ्या वाटेवरच आहे. पेटी पुढे घेऊन बसलेले फडके, दोन-तीन साथीदार, आणि निवेदनासह सारी पात्रे त्यांच्याच कंठातून. पुढच्या चाळीस वर्षांत असे सुमारे अठराशे कार्यक्रम झाल्याचे सांगतात. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने दहा दीर्घ तबकड्यांचा संच काढला, तोही सर्वस्वी फडक्यांच्या आवाजात. मग ध्वनिफिती आल्या आणि आज मांडवांतून ऐकू येते ते बहुधा तेच. पिढ्या त्यावर वाढल्या. त्यांच्या मनात गीतरामायण म्हणजे एक माणूस, एक पेटी, एक आवाज.

यात काय मिळाले आणि काय गेले? मिळाले ते उघड आहे. गावोगाव नेता येईल असे ते सुटसुटीत झाले, आपल्या जुन्या कीर्तनाच्या घाटात जाऊन बसले. कीर्तनकारही एकटाच राम होतो, सीता होतो आणि रावणही होतो. फडक्यांच्या उच्चाराने शब्द घराघरांत पाठ झाले. पण गेले तेही लहान नाही. लक्ष्मण सीतेला अरण्यात सोडतो त्या वेळचा तिचा प्रश्न मूळ योजनेत एका स्त्रीच्या कंठातून उमटत होता. तो प्रश्न रामाचीच गीते गाणाऱ्या आवाजात आला की त्याची धार कमी होते. तो राग राहत नाही, रामाच्या मनातली खंत होऊन जातो. कौसल्या, कैकेयी, शबरी या साऱ्यांचेच असे झाले. बत्तीस पात्रांचे नाट्य हळूहळू एका सत्पुरुषाचे आख्यान बनले. आम्ही फडक्यांच्या गायनाला कमी लेखत नाही. त्यांच्याइतके ते कोणीच गाऊ शकले नसते. परंतु नव्याने हे काम हाती घेणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी तबकडीची नक्कल न करता मूळ बहुकंठी बांधणीकडे जावे, असा आमचा आग्रह आहे. मुली असतील तर सीतेची गीते मुलींना द्या, नावाड्यांचे गीत दहा जणांना द्या. काव्य ते सहज पेलते, कारण ते त्यासाठीच लिहिलेले आहे.

या वर्षाभोवतीचा काळही विसरता कामा नये. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्या चळवळीचे मोठे केंद्र पुणे होते. ऑक्टोबरात राज्यपुनर्रचना मंडळाचा अहवाल आला, नोव्हेंबरात मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी रक्त सांडले. १६ जानेवारी १९५६ च्या रात्री पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले, ते याच आकाशवाणीवरून. त्या आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता आणि २० तारखेला शुक्रवार होता. कथा तेव्हा लंकेपाशी आलेली होती. ज्या डब्यातून संताप आणणारी बातमी येई त्याच डब्यातून शुक्रवारी सकाळी राम येई, आणि ऐकणारी माणसे तीच होती. गीतरामायण राजकारणावर एक अक्षर बोलत नाही. तरीही त्या वर्षी साऱ्या मराठी मुलखाने एकाच वेळी एकच गोष्ट ऐकणे याला काही अर्थ होता, असे मानायला जागा आहे.

लोकांनी ते कसे ऐकले याच्या हकीकती अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. गीत पहिल्यांदा प्रसारित झाले की वर्तमानपत्रे ते छापीत. शनिवारी-रविवारी पुन्हा लागे, तेव्हा चुकलेले शब्द जुळवून घेतले जात. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते, म्हणजे बहुतेक सगळेच, ज्याच्याकडे असेल त्याच्या ओटीवर जमत. पवनेच्या काठची आपली रहाटणी तेव्हा शेतीवाडीचे गाव होती. नदीपलीकडे पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना नुकताच उभा राहत होता. मागणीबरहुकूम, ठरल्या दिवशी, ठरल्या मापाचा माल तयार करणे ही या पट्ट्याला पुढे अंगवळणी पडलेली गोष्ट. माडगूळकर-फडक्यांनी कवितेत तेच करून दाखवले होते, म्हणून कारखान्यात राबणाऱ्या माणसाला त्यांची थोरवी निराळी समजावून द्यावी लागू नये.

पुस्तकरूपाने गीतरामायण केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला काढले. मग हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू, कोकणी, बंगाली, संस्कृत अशा भाषांत त्याचे अनुवाद झाले. त्यांतले कित्येक मूळ चालींवर गाता येतील असे आहेत. चाल कायम ठेवून शब्द बदलणे हे अनुवादाचे सर्वांत अवघड काम, पण चालच इतकी लोकप्रिय होती की तिला हात लावण्याची कोणाची छाती झाली नसावी. १९७९ मध्ये पुण्याच्या रमणबागेत रौप्यमहोत्सव झाला, आठ दिवस. माडगूळकर तो पाहायला नव्हते. १४ डिसेंबर १९७७ रोजी ते गेले. फडके २९ जुलै २००२ पर्यंत होते, आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके यांनी गीतरामायणाचे कार्यक्रम चालू ठेवले.

सीताकांत लाडांचे नाव मात्र या साऱ्या उत्सवांत मागच्या रांगेत बसलेले असते. कविता त्यांनी लिहिली नाही, चाल लावली नाही, गाइले नाहीत. एका सरकारी कचेरीतल्या माणसाने दर आठवड्याचा पाव तास वर्षभर राखून ठेवला, गायक गोळा केले, आणि प्रसंगी कवीला कोंडले.